चाचांच्या दोन वह्या

रमजानचा चाँद दिसला की मिरजेच्या लक्ष्मी मार्केटच्या आसपास दोन बदल एकदम दिसतात. खजुराच्या गाड्या लागतात आणि काही दुकानांच्या काउंटरवर पत्र्याचे छोटे डबे येऊन बसतात. हिरवा रंग, वर नाण्यापुरती खाच, बाजूला कुलूप. अलीकडे त्यावर क्यूआर कोडचा कागदही चिकटवलेला असतो. डबे आमच्या भागातल्या एका मदत समितीचे. सुटे पैसे परत घेताना गिऱ्हाईक पाच-दहा रुपये त्यात टाकते आणि पुढे जाते. टाकणारा हिंदू आहे, मुसलमान आहे की जैन, हे डब्याला कळत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये, दहाव्या-बाराव्या रोजाच्या सुमारास, यातले काही डबे काउंटरवरून खाली गेले. कुणी भांडले नाही, ओरडले नाही. डबा आधी कॅलेंडरमागे सरकला, मग टेबलाखाली, मग दुकानदाराने पोराच्या हाती तो मशिदीत पाठवून दिला. असे का झाले ते मला चांगले ठाऊक आहे. त्यात माझाही हात होता.

समितीबद्दल आधी सांगतो. सहा-सात माणसे. कुणी गॅरेजवाला, कुणी फळांचा व्यापारी, एक शिंपी. खजिनदार रेल्वेतून निवृत्त झालेले. आयुष्य मिरज जंक्शनच्या मालधक्क्यावर नोंदी करण्यात गेलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. रमजानमध्ये गरजू घरांना महिन्याचे रेशन आणि ईदच्या आधी फितरा पोहोचवायचा, हे त्यांचे मूळ काम. पण मिरज हे दवाखान्यांचे गाव. वॉन्लेस डॉक्टरांच्या काळापासून इथे कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून पेशंट येतात. पेशंटला खाट मिळते. बरोबर आलेल्या म्हाताऱ्या आईला जिन्याखाली पथारी पसरावी लागते. त्या जिन्याखालच्या माणसांसाठी समितीने खिचडीचे पातेले सुरू केले. मग औषधे आली, गावी परतायचे तिकीट आले आणि मेलेल्या माणसाला घरी न्यायची गाडीही आली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद भरून देणे, रेशनकार्डातले नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर धावपळ करणे, ही तर बिनपैशाची कामे. ती पैशाच्या कामांपेक्षा जास्त होती.

अशी समिती असूनही लोकांना शंका का यावी? शंका तीन बाजूंनी आल्या. त्यातली एकही वेडगळ नव्हती.

पहिली आमच्याच लोकांची. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक ज्याच्याजवळ वर्षभर टिकते, त्याने तिच्यातून अडीच टक्के जकात काढायची. एक लाख शिल्लक असेल तर अडीच हजार. ही खुशीची देणगी नाही, नमाज-रोजासारखे फर्ज आहे. ती कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुरआनच्या सूरह तौबामध्ये नेमून दिलेले आहेत: फकीर, मिस्कीन, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे. आणि बहुतेक उलेमांचे म्हणणे असे की जकात मुस्लिम गरजूलाच पोहोचली पाहिजे. सदका, म्हणजे खुशीचे दान, मात्र कोणत्याही माणसाला देता येते. तेव्हा आमच्या जमातीतल्या एका सज्जनाचा प्रश्न असा : मी दिलेली जकात दवाखान्याच्या खिचडीत गेली तर माझा फर्ज उतरला का? टिंगल करण्यासारखा हा प्रश्न नाही. ज्याला जकात काढायची आहे त्याच्या दृष्टीने ती योग्य जागी पोहोचणे हा तिचा अर्धा भाग आहे.

दुसरी शंका नेमकी उलट्या बाजूने आली. माझा शाळेतला मित्र कापडाचे दुकान चालवतो. त्याच्या काउंटरवर डबा पहिल्या वर्षापासून होता. एकदा मोजून झाल्यावर तो हसत म्हणाला, "अरे, माझं गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त आमच्यातलं. डबा त्यांच्या पैशानं भरतो. मग रेशनची पिशवी फक्त तुमच्या मोहल्ल्यात का जाते?" तो हसला खरा, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

तिसरी शंका सगळ्यांची मिळून. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा समितीकडे बाहेरगावाहून पैसा आला. पूर ओसरला, लोक घरी गेले, आणि काही पैसा उरला. तो किती उरला आणि त्याचे काय झाले हे कुणी जाहीर सांगितले नाही. त्यातच समितीच्या सेक्रेटरीने नवी मोटारसायकल घेतली. आणि डब्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपला की समितीचे नाव न येता त्याच सेक्रेटरीचे नाव यायचे.

आता माझ्याबद्दल. मी शाळेत मराठी शिकवतो. आमच्या टपरीवर माझ्या शब्दाला थोडे वजन आहे, आणि वजन असलेल्या माणसाने जपून बोलायला हवे. रमजानच्या आधी शाबान महिन्यात एका संध्याकाळी चहा पिता पिता पुराचा विषय निघाला. मी कप खाली ठेवत म्हणालो, "पुराचे पैसे कृष्णेलाच परत गेले असतील." सगळे हसले. मला वाटले, विनोद संपला.

आठ दिवसांनी तोच विनोद गुरुवार पेठेतून माझ्याकडे परत आला, पण विनोद म्हणून नाही. सांगणाऱ्याला माहीत नव्हते की मूळ वाक्य माझे आहे. तो म्हणाला, "समितीनं पुराचे पैसे खाल्ले म्हणे. सेक्रेटरीची गाडी त्यातलीच. एका मास्तरांनी कागद बघितलेत." मी कोणते कागद बघितले होते? एकही नाही. पण ते सांगायला मी तोंड उघडले नाही. रोजे सुरू झाले, मी नमाजला जात राहिलो, आणि डबे काउंटरवरून एकेक करून खाली जात राहिले. मित्राच्या दुकानातला डबाही गेला.

विसाव्या रोजाच्या आसपास दुपारी एक बाई माझ्या पत्नीकडे आल्या. ब्लाउज शिवतात, फॉल-पिकोची कामे करतात. नवऱ्याचे डायलिसिस चालू. उपचार योजनेत बसला होता, पण आठवड्यातून दोनदा दवाखान्यापर्यंत जायचे-यायचे रिक्षाभाडे समिती देत असे. मी आतल्या खोलीत होतो. दार अर्धे उघडे. त्या पत्नीला म्हणत होत्या, "भाभी, या वेळी जमा कमी झालीय म्हणून चाचांनी हात जोडले. दोन खेपा मी बसने नेलं. तिसऱ्या वेळी यांना स्टँडवरच चक्कर आली. मग एक डायलिसिस चुकलं. अंगावर सूज आली, दवाखान्यात ठेवावं लागलं. तुमच्याकडं शिवणकाम आहे का काही? ईदचे कपडे असतील तर..."

उसने त्यांनी मागितले नाही. शिवणकाम मागितले. कुरआनमध्ये अशा माणसांचे वर्णन आहे: जे चिकटून मागत नाहीत, म्हणून न जाणणाऱ्याला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. ती आयत मी कित्येकदा वाचलेली होती. त्या दिवशी ती पलीकडच्या खोलीत बसली होती.

त्या रात्री तरावीह झाल्यावर मी चाचांच्या घरी गेलो. खरे सांगायचे तर माफी मागायला गेलो नव्हतो. तेवढी हिंमत नव्हती. हिशोब बघायला गेलो होतो. म्हणजे निदान आपण बोललो ते खरे निघावे, अशी एक लबाड इच्छा मनात असणारच.

चाचांनी चहा सांगितला. म्हणाले, "मास्तर, बैठो. इतक्या वर्षांत हिशोब बघायला घरी आलेले तुम्ही पहिले." आणि ट्रंकेतून दोन वह्या काढल्या. एक हिरव्या पुठ्ठ्याची, एक लाल. हिरवीत जकात आणि फितरा. लालमध्ये सदका, इमदाद, डबे, पुराचा पैसा. अक्षर रेल्वेचे, ठळक, रेघेवर बसलेले. दोन्ही वह्यांतला पैसा कधी एकत्र केलेला नव्हता. खिचडी, औषधे, तिकिटे, गाडी, रिक्षाभाडे हे सगळे लाल वहीतून. रेशन आणि फितरा हिरवीतून. म्हणजे आमच्या जमातीतल्या सज्जनांची जकात खिचडीत गेलेली नव्हती. आणि माझ्या मित्राच्या डब्यातला पैसा रेशनच्या पिशवीत गेलेला नव्हता; तो जिन्याखाली झोपणाऱ्यांच्या पातेल्यात गेला होता, आणि तिथे जेवणारे बहुतेक त्याच्याच धर्माचे होते. दोन्ही शंकांचे उत्तर दोन पुठ्ठ्यांत वर्षानुवर्षे पडून होते. फक्त ते कुणाला सांगितलेले नव्हते.

"सांगितलं का नाही?" मी विचारले.

"कुणी विचारलं नाही," चाचा म्हणाले. "बाहेर बोलले, घरात येऊन नाही विचारलं."

सेक्रेटरीची गाडी कर्जावर घेतलेली होती. क्यूआर कोडचे पैसे मात्र खरोखरच त्याच्या खासगी खात्यात जमा होत होते. दर महिन्याला तो ते समितीच्या खात्यात वळते करी. तारखा वहीशी जुळत होत्या. तरी ही पद्धत चूकच, आणि मी तसे म्हणालो. चाचांनी मान हलवली.

मग आम्ही पुराच्या पैशाकडे आलो. लाल वहीत पानापानावर अशा नोंदी : "क्रमांक ७", "क्रमांक १२", "क्रमांक ७ पुन्हा". पुढे रक्कम. नाव नाही, सही नाही. मी म्हणालो, "चाचा, याला हिशोब म्हणत नाहीत."

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "पुरात दुकान गेलेली माणसं आहेत ती. गल्लीत मान असलेली. आयुष्यभर दुसऱ्याला दिलं त्यांनी. नाव लिहिणार नाही असा शब्द दिला तेव्हा त्यांनी पैसे घेतले. लिहिलं असतं तर आज तुम्ही वाचलं असतं. आणि मास्तर, तुम्ही वाचलेलं टपरीवर पोहोचायला किती दिवस लागतात?"

म्हणजे त्यांना माहीत होते. पहिल्या दिवसापासून माहीत होते.

मी जे काय पुटपुटलो ते इथे लिहीत नाही. पण आज, लाज थोडी मुरल्यावर, एक गोष्ट स्पष्ट म्हणतो : चूक एकट्या माझी नव्हती. चाचा प्रामाणिक होते, आणि आपण प्रामाणिक आहोत एवढे त्यांना पुरेसे वाटत होते. समिती सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. १९५० च्या कायद्याप्रमाणे अशा न्यासाने दरवर्षी हिशोब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो. तो दोन वर्षे राहून गेला होता. "अल्लाह बघतोय" हे वाक्य देणाऱ्याच्या मनासाठी आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याचा पैसा आहे त्याने ते कायद्यापुढे आणि गावापुढे ढाल म्हणून धरू नये.

आमच्या धर्मातही तशी सूट कुठे आहे? कुरआनमधली सगळ्यात लांब आयत नमाजवर नाही, रोजावरही नाही. उसनवारी झाली तर ती लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी, कंटाळा करू नका, यावर ती आहे. जकात गोळा करायला गेलेला एक माणूस परत येऊन म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. तेव्हा पैगंबरांनी मिंबरवरून सगळ्यांसमोर विचारले, हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर याला ही भेट आली असती का? ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. त्याच वेळी जकात गोळा करणाऱ्यांचा मेहनताना हाही त्या आठ वर्गांत तिसरा धरलेला आहे. म्हणजे काम करणाऱ्याने उघडपणे मजुरी घ्यावी, आडून भेट घेऊ नये. आमच्या समितीत कुणी पेट्रोलचे पैसेही घेत नव्हते, आणि याचा त्यांना अभिमान होता. मला वाटते त्यांनी ते घ्यावेत आणि वहीत लिहावेत. फुकट काम करणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही, आणि न विचारलेले प्रश्न टपरीवर जातात.

रमजानमध्ये शंका येण्याला आणखी एक कारण असते, तेही सांगायला हवे. या महिन्यात परगावचे लोक पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरतात. अमुक मदरसा, तमुक यतीमखाना. त्यांतले कितीतरी खरे असतात. पण पुस्तक छापून घ्यायला छापखान्यात फारसे काही लागत नाही, हेही लोकांना कळते. एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी गल्लीतल्या माणसाकडेही त्याच नजरेने बघतो.

ईदनंतर समितीची बैठक झाली. मी गेलो. कापडवाल्या मित्रालाही घेऊन गेलो. त्याचे थोरले भाऊ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही वह्या, पासबुक आणि सेक्रेटरीच्या खात्याचा उतारा घरी नेऊन पंधरा दिवस तपासले. क्रमांकांचा प्रश्न मोठा होता. शेवटी असे ठरले की नावांची यादी बंद पाकिटात राहील आणि ती दोघांनीच बघायची : मशिदीचे इमामसाहेब आणि हे बँकवाले भाऊ. चाचांनी आधी त्या माणसांची परवानगी घेतली. एकाने नकार दिला. त्याला मिळालेल्या पैशांपैकी जमले तेवढे त्याने परत आणून दिले आणि वहीतून आपला क्रमांक काढायला लावला. ते ऐकून मला झोप लागली नाही. हिशोब मागणे बरोबर होते असे मी आजही मानतो, पण त्याची किंमत त्या माणसाने दिली, मी नाही.

रेशनच्या पिशव्या देताना फोटो काढायची पद्धत होती, ती बंद झाली. फोटो हा समितीला पुरावा वाटत होता. पिशवी घेणाऱ्या बाईला तो काय वाटत असेल, हे सात पुरुषांच्या समितीत कुणाला सुचले नव्हते. आता दोन बायका समितीत आहेत. एक जुने सदस्य मात्र रागावून बाहेर पडले. म्हणाले, "आम्ही हिशोब अल्लाहला देऊ, यांना का म्हणून?" ते आजतागायत माझ्याशी बोलत नाहीत. ज्या सज्जनांनी जकातीचा प्रश्न काढला होता ते आता जकात समितीकडे न देता आपल्या हाताने नातेवाइकांत वाटतात. तोही बरोबरच रस्ता आहे. गरजू नातेवाइकाचा हक्क आधी असतो.

तपासणीत गाडी, क्यूआर कोड, पुराचा पैसा सगळे जुळले. जुळली नाही ती एक रक्कम : डब्यांच्या जुन्या मोजणीतले चार हजार तीनशे रुपये. चाचांनी तीन रात्री बसून शोधले, सापडले नाहीत. ते पेन्शनमधून भरायला निघाले. बँकवाले भाऊ नको म्हणाले. "भरलेत तर कागद जुळेल, चाचा, पण खोटा जुळेल." मग मशिदीच्या दाराशी आणि कापडाच्या दुकानात जो कागद लागला, त्यात जमा किती, खर्च कोणत्या कामावर किती, हे सगळे होते, नावे नव्हती, आणि सगळ्यात खाली चाचांच्या अक्षरात एक ओळ होती : "रु. ४,३०० चा हिशोब लागत नाही."

ती ओळ वाचून काही जण म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? मित्र मात्र ती ओळ वाचून आत गेला आणि डबा पुन्हा काउंटरवर आणून ठेवला. म्हणाला, "आमच्या मंडळाच्या कागदावर अशी ओळ लिहायला कुणी तयार होणार नाही."

त्या बाईंचे रिक्षाभाडे पुन्हा सुरू झाले. मी ते गुपचूप माझ्याकडून द्यायला गेलो तर चाचांनी घेतले नाहीत. म्हणाले, डब्यात टाका, सगळ्यांबरोबर. नवऱ्याची तब्येत बरी आहे, म्हणजे डायलिसिसवर जितकी बरी असते तितकी. माझ्या मुलीचे ईदचे कपडे त्यांनीच शिवले. ते रिक्षाभाडे का थांबले होते हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. त्या मराठी पेपर वाचतात. फॉल लावायचे कापड त्यातच गुंडाळून ठेवतात, हे मी पाहिले आहे.

यंदाही डबे लागले आहेत. एकविसाव्या रोजाला असरनंतर कापडाच्या दुकानात ते उघडून मोजायचे आहेत. मोजताना समितीबाहेरची दोन माणसे हजर हवीत, असा नवा नियम आहे. एक मी आहे. दुसरे बँकवाले भाऊ असायचे, पण ते या वर्षी मुलाकडे पुण्याला गेलेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी दुकानात नाव सांगून ठेवावे. नाणी फार असतात, दीड तास तरी लागतो. चहा दुकानवाल्याचा, ज्यांचा रोजा नसेल त्यांनी खुशाल घ्यावा.